समोरच्या काकांची कोळंबी

"खाली बसून घ्या. उभ्यानं प्रवास करायचा नाही, किती वेळा सांगायचं?"

दुधाची पिशवी उचलायला मी दार उघडलं होतं. समोरचं दार अर्धवट उघडं होतं आणि आवाज तिथून येत होता. समोर काका एकटेच राहायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला होता. इतक्या सकाळी त्यांच्या घरात उभं राहणारं कोण आलं असेल, म्हणून मी जरा मान लांब केली. हॉलमध्ये टेबलावर काचेची नवीन टाकी होती, निम्मी पाण्यानं भरलेली. बनियनवर उभे असलेले काका तिच्यात कोपरापर्यंत हात घालून गवताच्या पात्यासारखं एक रोप रेतीत खोचत होते. खोचलं की ते सुटून वर तरंगायचं. दुसरं खोचेपर्यंत पहिलं वर.

"बघतेस काय," ते मागे न वळताच म्हणाले. "आत ये. तुझी बोटं बारीक आहेत."

मी गेले. येत नाही हे सांगायला कोणतं वाक्य वापरावं ते मला वेळेत सुचलं नाही. माझ्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी अशाच झाल्या आहेत.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा माणूस असेल, जो दिसायच्या आधी ऐकू येतो. आमचे काका एसटीत होते. आधी कंडक्टर, मग ठाण्याला खोपटच्या डेपोत वाहतूक नियंत्रक. म्हणजे काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या सोडणारे. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण माइक त्यांच्या घशातच राहिला. डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांनी भाजीवाल्याला "मेथी आहे काय?" विचारलं, की पलीकडच्या सोसायटीतून कोणीतरी "संपली" म्हणून सांगायचं. पहाटे उठून ते रात्रभर तांब्याच्या लोट्यात ठेवलेलं पाणी गॅलरीत उभं राहून प्यायचे, आणि तेही ऐकू यायचं. हे पाणी पिऊन त्यांचे वडील राजापूरकडच्या गावात नव्वदीपर्यंत नांगर धरत होते, असं ते सांगायचे. पाणी प्यायल्यावर एकदा "हां" म्हणायचे. त्या "हां"वर आमच्या मजल्याचा दिवस सुरू व्हायचा.

माझं बरोबर उलटं. मी इंग्रजी शाळेत शिकले, तिथे इंग्रजी चुकेल म्हणून गप्प बसले, आणि घरी मराठी चुकेल म्हणून. कोणी मला काही विचारलं तर उत्तर आई देते. काकांनी त्याला नावही दिलं होतं. "ही व्हायब्रेट मोडवर असते," ते जिन्यात भेटेल त्याला सांगायचे. "फोन येतो, पण रिंग नाही."

मी घरात बसून काय काम करते, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. एका कंपनीचा इंग्रजी मजकूर वाचून त्यातल्या चुका काढते, असं आईने सांगितलं.

"चुका काढायचा पगार मिळतो?" काका म्हणाले. "आमच्याकडे तुझी काकू आयुष्यभर फुकट काढायची."

टाकीचं कारण असं झालं. त्या उन्हाळ्यात काकांनी दूध गॅसवर ठेवलं आणि खाली वॉचमनशी गप्पा मारायला गेले. जिन्यात धूर आला तेव्हा आईने आमच्याकडच्या चावीनं त्यांचं दार उघडून गॅस बंद केला. पातेलं गेलं, बाकी काही झालं नाही. पण मुलगा त्याच दिवशी पुण्याहून गाडी घेऊन आला. दोघांचं काय बोलणं झालं ते आम्हाला निम्मंच कळलं, कारण मुलगा माणसांच्या आवाजात बोलतो. काकांची बाजू मात्र सगळ्या मजल्याला पाठ झाली.

"नाय येणार."

मग शांतता.

"एक जीव सांभाळता येणार नाही? मला? अरे, एक काय सांगतोस, पन्नास सांभाळून दाखवतो."

मग पुन्हा शांतता, बरीच लांब.

"ठरलं. दिवाळीला येऊन बघायचं. माझ्या चुकीनं त्यातलं काही मेलं, तर मी स्वतः बॅग भरून तुझ्या गाडीत बसतो. नाही मेलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. शब्द दे."

त्यांचा मुलगा वाईट आहे असं समजू नका. तो घाबरला होता. आणि काकांना ते घर सोडायचं नव्हतं, इतकी साधी गोष्ट होती. मधे टाकी उभी राहिली.

पन्नास जीव म्हणजे कोणते, हे काकांनी मोबाइलवर बघून ठरवलं. मोठे मासे नकोत, ते एकमेकांना खातात. नखाएवढे केशरी मासे, आणि लाल रंगाची बोटाच्या पेराएवढी कोळंबी, जिला चेरी कोळंबी म्हणतात. आणि भरपूर झाडं, म्हणजे पाणी आपोआप स्वच्छ राहतं. आईने कोळंबी ऐकून विचारलं, "एवढ्याशा कोळंबीचं करणार काय तुम्ही? धड वाटीभर कालवण होणार नाही."

"खायची नाय वहिनी," काका म्हणाले. "पाळायची."

कोकणातला माणूस कोळंबी पाळतो, ही बातमी आमच्या सोसायटीत बरेच दिवस पुरली. दारावर येणारी कोळीण तर टोपली खाली ठेवून खास बघायला आत गेली. टाकीत तेव्हा नुसती झाडं होती. तिने वाकून सगळीकडून बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, म्हावरं कुठं हाय? नुसती कोथिंबीरच दिसतंय."

मासे नव्हते, कारण टाकीत पाणी भरलं की लगेच मासे सोडायचे नसतात. आधी कित्येक आठवडे झाडं आणि रेती तशीच ठेवायची. डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यात वाढतात आणि माशांची घाण पचवायला तयार होतात. हे मी त्यांना इंग्रजीतून वाचून मराठीत सांगितलं होतं. माझ्यासाठी ते मोठं भाषण होतं. काकांनी ते एका वाक्यात बसवलं. "आधी रस्ता, मग गाड्या," ते विचारेल त्याला सांगायचे. "घाई करायची नाही."

तुम्हाला खरं सांगते, इतका घाईचा माणूस मी पाहिलेला नाही. लिफ्ट वर येईपर्यंत ते जिन्याने उतरायला लागायचे. पाणी भरून दोन दिवस होतात न होतात, तोच ते मासे आणायला पिशवी घेऊन निघाले होते आणि मी दारात उभी राहिले. काही बोलले नाही, नुसती उभी राहिले. ते बाजूने जायला बघत होते, मी सरकले नाही. शेवटी त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली.

"रिंग नसली तरी व्हायब्रेशन जोरात आहे हिचं," ते पिशवीला म्हणाले.

पाणी तयार झालं का ते बघायला एका काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकतात. रंग पिवळा राहिला तर चांगलं, हिरवा झाला तर अजून थांबा. ह्या नियमावर काकांचा सुरुवातीपासून आक्षेप होता.

"हिरवा म्हणजे थांबा? कोणी ठरवलं हे? हिरवा दिसला की गाडी सोडायची असते."

रोज सकाळी ते नळी घेऊन आमच्या दारात यायचे.

"पिवळा."

"हिरवा," मी म्हणायचे.

"पोपटी म्हण. जरा पिवळ्याकडे झुकतोय."

"हिरवा, काका."

"चष्मा लाव."

"लावलाय."

मग ते नळी माझ्या आईला दाखवायचे. आई कामात असल्यामुळे न बघताच "पिवळा" म्हणायची, आणि एका मताच्या आधारावर ते दिवसभर आनंदात राहायचे. पण मासे मात्र आणायचे नाहीत. माझा हिरवा त्यांनी कधी ओलांडला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ह्या दिवसांत त्यांनी काय काय केलं ते सांगायला हवं. टाकीत ठेवायला आणलेला लाकडाचा ओंडका उकळून घ्यावा लागतो, नाहीतर पाणी तपकिरी होतं. तो त्यांनी गणपतीच्या प्रसादाच्या मोठ्या पातेल्यात उकळला. पाऊस पडल्यावर जंगलाला येतो तसा वास जिन्यात आला आणि वरच्या मजल्यावरच्यांना वाटलं काका कसला तरी काढा करतायत. खालून एक आजोबा गुडघ्यासाठी वाटीभर मागायला आले. काकांनी त्यांना दिला नाही, पण द्यायचा विचार केला होता असं नंतर कबूल केलं. ओंडक्यावर शेवाळासारखी मॉस नावाची वनस्पती दोऱ्याने बांधायची होती, ते काम माझं. मी बांधत असताना ते शेजारी बसून गाठीबद्दल सूचना द्यायचे आणि मी त्या ऐकत नाही हे त्यांना चालायचं.

झाडांबरोबर न बोलावता छोट्या गोगलगायी आल्या. काकांना आधी दिसली ती काचेवर चढणारी एकच. "विनातिकीट," ते म्हणाले. आठवड्याने बघितलं तर सगळी काच भरली होती. "ही तर वरात आहे," ते म्हणाले. पण एकही काढू दिली नाही. तीही मोजायची होती त्यांना, पन्नासात.

शेवटी एक दिवस नळी खरोखर पिवळी झाली. मी "पिवळा" म्हटल्यावर त्यांना विश्वास बसेना. त्यांनी ती गॅलरीत उन्हात नेऊन बघितली आणि तिथूनच खालच्या वॉचमनला कळवलं. वॉचमनने काय समजून टाळ्या वाजवल्या ते माहीत नाही.

ठाण्याहून मासे आणले, त्यानंतर काही दिवसांनी कोळंबी. कोळंबी सोडताना एकदम सोडत नाहीत. ती ज्या पिशवीतून येते त्या पाण्यात टाकीचं पाणी थेंबथेंब मिसळावं लागतं, तास-दोन तास, म्हणजे तिला नवीन पाण्याची सवय होते. काकांनी मेडिकलमधून सलाइनची नळी आणली होती. कोळंबी पिशवीतून एका डब्यात ओतून ते शेजारी खुर्ची टाकून बसले. थेंब पडत होते. त्या दुपारी मी पहिल्यांदा काकांना इतका वेळ गप्प बघितलं. मला वाटलं, झोपले. जवळ जाऊन पाहिलं तर डोळे उघडे होते.

"बघ," ते कुजबुजले. त्यांना कुजबुजता येतं हे मला माहीत नव्हतं. "घाबरलीत. पाय बघ कसे हलतायत. नवीन गावात उतरल्यासारखं वाटत असणार."

मी पण बसले. आम्ही दोघं काही बोललो नाही, आणि त्यांना ते अवघड गेलं नाही.

गणपती गेले, दसरा झाला. झाडं आता खाली बसली होती. मॉस ओंडक्यावर पसरली होती, केशरी मासे तिच्यातून थव्याने फिरायचे आणि लाल कोळंबी पानांवर बसून दोन्ही हातांनी सतत काहीतरी तोंडात घालत असायची. काका त्यांच्यासमोर चहा घेऊन बसायचे. "सारखं खातायत," ते कौतुकाने म्हणायचे. "आपल्याकडची वाटतात." एका मादीच्या पोटाखाली अंडी दिसली तेव्हा तर त्यांनी पुण्याला फोन लावून मुलाला सांगितलं, "पन्नासाचे शंभर होतायत. तू गाडी रिकामीच आण."

दिवाळी जवळ आली आणि एक दिवस काका नळी न घेताच दारात आले.

"जरा बघायला ये," ते म्हणाले. "कोळंबी बरी नाही."

आईला आणि मला काही वेगळं दिसलं नाही. कोळंबी होती, हलत होती. पण काका म्हणाले, "खात नाहीत. हात बघ. दोन दिवस बघतोय, हात थांबलेत." मी वाकून बघितलं. खरंच, एकही खात नव्हती. एक वाळूत आडवी पडली होती.

"काळजी नको," ते म्हणाले. "मी औषध सुरू केलंय. आठवडा झाला, मधे एक जरा मरगळलेली वाटली तेव्हापासून रोज देतोय. आजपासून दुप्पट करतो."

"कसलं औषध?" आईने विचारलं.

त्यांनी आतून लोटा आणला. तांब्याचा, पहाटेचा. वडिलांना नव्वदीपर्यंत नेणारं पाणी ते रोज सकाळी स्वतः प्यायच्या आधी टाकीत ओतत होते.

मी फोनवर आधी वाचलेली एक ओळ शोधली आणि फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, काढला.

"इंग्रजी आहे. तू वाच."

मी वाचलं. कोळंबीला तांबं चालत नाही. माणसाला काही न होणारं थोडंसं तांबंसुद्धा तिला विष असतं. हे मी शक्य तितक्या हळू वाचलं, पण वाक्य लहान होतं, लवकर संपलं.

काका खुर्चीवर बसले. लोटा मांडीवरच होता.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

मग उठले. बाथरूममध्ये त्यांच्याकडे कायम भरून ठेवलेल्या बादल्या होत्या, नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून. त्यांनी टाकीतलं पाणी नळीने काढायला सुरुवात केली. थोडं काढायचं, सावकाश थोडं घालायचं, पुन्हा काढायचं. मी बादली उचलायला गेले तर त्यांनी हात पुढे केला, नको म्हणून. दुपारभर ते गुडघ्यांवर बसत होते आणि उठत होते. संध्याकाळपर्यंत मासे नेहमीसारखे फिरत होते. कोळंबी एकही दिसत नव्हती. मेलेली जी दिसली ती त्यांनी चमच्याने काढून गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे गॅलरीतून "हां" आलं नाही.

मुलगा दिवाळीला आला. काकांनी आम्हाला फराळाला बोलावलं होतं. मुलगा चपला काढून थेट टाकीजवळ गेला आणि वाकून बघतच राहिला. आत सगळं हिरवं होतं, वर दिव्याचा उजेड, केशरी मासे. कोणालाही काही कमी आहे असं वाटलं नसतं.

"पप्पा, हे तुम्ही केलं?" तो म्हणाला. "मस्त झालंय, खरंच. मी हरलो. विषय बंद."

मला वाटलं, संपलं. आईने चकलीचं ताट पुढे केलं. काकांनी नुसतं गप्प बसायचं होतं, एवढंच, आणि ते घर त्यांचं राहणार होतं. पण गप्प बसणं त्यांना कधी जमलं होतं?

"थांब," ते म्हणाले. "ह्यात कोळंबी होती. फोनवर सांगितलेलं तुला. मेली. माझ्या चुकीनं." मग त्यांनी लोट्याचं सगळं सांगितलं. इतक्या साध्या आवाजात, की मला ऐकायला पुढे व्हावं लागलं. "शब्द दिलेला. दिवाळी झाली की येतो मी. माझ्याच्यानं नाही होत आता."

मुलाने हातातली चकली परत ताटात ठेवली. मग तो वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ठीक आहे पप्पा. सामानाचं आपण सावकाश बघू." आणि माझ्या आईकडे वळून, "काकू, टाकी तिकडे नेणं जमणार नाही. हिला आवडते ना? हिनं घ्यावी."

पुढचं आधी सांगून टाकते. मॉसच्या आत काही कोळंबी वाचली होती. महिन्याने एकेक करून बाहेर आली, आणि उन्हाळ्यापर्यंत पानापानावर लाल ठिपके होते. काका समोरच्या दारात आणखी तीन दिवाळ्या राहिले. मग नात शाळेत जायला लागली आणि तिला बसस्टॉपवर सोडायला भरवशाचा माणूस हवा होता, म्हणून ते पुण्याला गेले. स्वतः ठरवून गेले. जायच्या आदल्या दिवशी बादली बादली पाणी पोचवत टाकी आमच्याकडे आणली आणि गाठींबद्दल सूचना दिल्या. आता समोर एक जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, त्यांचा काहीच आवाज येत नाही.

पण त्या दिवाळीत ह्यातलं सगळं अजून व्हायचं होतं. मुलाने टाकी मला देऊ केली होती, काका जमिनीकडे बघत होते, आणि आई नेहमीप्रमाणे माझं उत्तर देणार होती. "अरे, तिला काय विचारतोस, ती..."

"मला नको," मी म्हणाले.

आई थांबली. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. माझे कान तापले होते, पण वाक्य आता सुरू झालं होतं आणि मला ते मागे घेता येईना.

"दादा, कोळंबीचे हात थांबलेत हे आम्हाला कोणालाच दिसलं नव्हतं. काकांना दिसलं. चूक त्यांची होती, पण कळल्यावर दुपारभर पाणी त्यांनीच बदललं, मला बादलीला हात लावू दिला नाही. म्हणून मासे आहेत. आणि आत्ता त्यांनी सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलंही नसतं. असा माणूस एकटा राहू शकतो. टाकी इथेच राहू दे."

काकांनी मान वर केली आणि बोलायला तोंड उघडलं.

"तुम्ही जरा थांबा काका," मी म्हणाले. "मी बोलतेय."